आटपाट नगर होतं आणि मामेभाऊ विहिरीत पडत होता

«मॅडम, मी पुण्यात एका कंपनीत डिझाइनचं काम करतो, वय २९. वर्षभर संध्याकाळच्या फ्रेंच क्लासला जातोय आणि दोन महिन्यांनी डेल्फ ए-टूची परीक्षा देणार आहे. अँपार्फे या भूतकाळाची रूपं मला पाठ आहेत, झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगेन. पण लिहायला बसलो की कुठे अँपार्फे आणि कुठे पासे कोंपोझे हा दुसरा भूतकाळ, काही सुधरत नाही. 'आजोळची सुट्टी' या विषयावर आठ वाक्यं लिहिली, त्यातली सात लाल होऊन परत आली. क्लासमध्ये सांगितलं होतं, इंग्रजीत 'वॉज गोइंग' येत असेल तर अँपार्फे, 'वेंट' येत असेल तर पासे कोंपोझे. मी तेच केलं. दुसरं म्हणजे, बोलताना मी पासे कोंपोझे वापरतो तरी सर म्हणतात, सारखं अँपार्फे काय लावलंय? कागद सोबत जोडतोय. एखादा पक्का नियम सांगा.»
— लाल शाईने त्रस्त, कोथरूड

तुमचा कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा हसले, त्याबद्दल आधीच माफ करा. दोष तुमच्या सहाव्या वाक्याचा: 'अँ जूर, मों कुझँ तोंबे दाँ ल प्वी.' तुम्हाला म्हणायचं होतं, एके दिवशी माझा मामेभाऊ विहिरीत पडला. पण शेवटच्या 'तोंबे'ला तुम्ही ए-आय-टी लावलंत, म्हणजे अँपार्फे. फ्रेंच माणूस हे वाचेल तेव्हा त्याला दिसेल की मामेभाऊ काठावरून सुटलाय, हातपाय हवेत आहेत, आणि वाक्य संपलं. पडतोय, पडतोय, पाण्याला काही लागत नाही. फ्रेंच वाचक पुढच्या वाक्याची वाट बघणार आणि तुम्ही तिथे पूर्णविराम देऊन मोकळे.

त्याला आधी खाली पोचवू या. 'मों कुझँ ए तोंबे दाँ ल प्वी.' मध्ये एक छोटासा 'ए' आला, 'एत्र' या सहायक क्रियापदाचा, आणि शेवटी ए-आय-टी जाऊन नुसता डोक्यावर तिरकी रेघ असलेला ई आला. पडला. धप्प.

(मी इथे फ्रेंच देवनागरीत लिहितेय, त्यामुळे दोन वेगळे 'ए' एकाच मात्रेने दाखवावे लागतायत. अँपार्फेच्या शेवटचा 'ए' जरा उघडा, 'बॅट'मधल्या 'ॲ'कडे झुकणारा. 'तोंबे' या धातुसाधिताचा 'ए' मिटलेला. हा फरक पुस्तकी उच्चारात आहे, पण दक्षिण फ्रान्समधली कित्येक माणसं दोन्ही सारखेच बोलतात, तेव्हा त्यावर विसंबू नका.)

आता कागदाकडे. पहिलं वाक्य: 'शाक एते, ज स्वि आले शे मों ग्राँ-पेर.' दर उन्हाळ्यात मी आजोबांकडे गेलो. हे तुम्ही मराठीत कुणाला असं सांगाल का हो? 'दर सुट्टीत मी आजोळी गेलो' असं माझ्या समोर कोणी म्हटलं तर मी विचारीन, बरं वाटतंय ना? मराठीत तुम्ही 'जायचो' म्हणता. तुमची आजी 'जात असे' म्हणेल. जुन्या पुस्तकात 'जाई' असेल. आणि फ्रेंचमध्ये या तिन्हींसाठी एकच रूप आहे: 'जाले'. जे-अपॉस्ट्रॉफी-आले, शेवटी ए-आय-एस. मग 'ज स्वि आले' आलं कुठून? 'एव्हरी समर आय वेंट'मधून. इंग्रजीच्या 'वेंट'मध्ये 'गेलो' आणि 'जायचो' दोन्ही कोंबलेले असतात. मराठीत आणि फ्रेंचमध्ये ते वेगळे आहेत. तुम्ही मुंबईहून निघून नाशिकला जायला मध्येच लंडनला उतरलात.

दुसरं आणि चौथं वाक्य बघा, तीच कथा. 'घर मोठं होतं' याचं तुम्ही 'ला मेझों आ एते ग्राँद' केलंत आणि 'विहीर होती' याचं 'इल या यु अँ प्वी'. कारण नियमाप्रमाणे 'वॉज'ला पुढे 'आयएनजी' नव्हतं ना! पण घर मोठं होतं म्हणजे काही घडलं नाही, ते आपलं होतं. 'ला मेझों एते ग्राँद', 'इल याव्हे अँ प्वी'. दोन्ही अँपार्फे. पाचवं वाक्य तेवढं बरोबर आहे, 'इल फझे शो', उकडत होतं, आणि ते बरोबर आहे कारण हवेची वाक्यं तुम्ही घोकून पाठ केलीत. तिथे इंग्रजी मध्ये यायला जागाच नव्हती.

फ्रेंचच्या वर्गात एक वाक्य भिंतीवर लावल्यासारखं सगळीकडे ऐकू येतं: मातृभाषेतून विचार करू नका. इंग्रजीतून करू नका, हे मात्र कोणी सांगत नाही. माझं म्हणणं उलट आहे. निदान या एका काळापुरता मराठीतूनच विचार करा, कारण मराठीला हा भेद जन्मापासून येतो. श्रावणातली कहाणी आठवा. आटपाट नगर होतं. तिथे एक गरीब ब्राह्मण राहत असे. रोज पहाटे उठे, नदीवर जाई, पाच घरं भिक्षा मागे. घरात सून होती, तिला सासू फार छळायची. इथपर्यंत सगळं अँपार्फे, एकही क्रियापद सुटत नाही. आणि मग: एके दिवशी काय झालं, नदीवर त्याला एक म्हातारी भेटली. 'भेटली'ला पासे कोंपोझे. (लिखित जुन्या कथांमध्ये तिथे पासे सँप्ल येतो, तो तुम्हाला परीक्षेत लिहायचा नाही, वाचताना ओळखता आला की झालं.) फ्रेंच गोष्टही नेमकी अशीच सुरू होते: 'इल एतेत् युन फ्वा'. 'एते' म्हणजे होता, होती, होतं. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी १६९७ साली लोककथा छापल्या तेव्हाही सुरुवात हीच होती, फक्त 'एते'चं स्पेलिंग वेगळं होतं. शेवटी ए-आय-टी नव्हे, ओ-आय-टी.

हे स्पेलिंगचं प्रकरण मला आवडतं म्हणून दोन ओळी. तुम्ही ज्या ए-आय-एस, ए-आय-टीवर घाम गाळता, ते जुन्या पुस्तकांत ओ-आय-एस, ओ-आय-टी असं असायचं. उच्चार बदलून 'ए' झाला तरी लिहिणारे जुनंच धरून होते. लेखक व्होल्तेर यांनी ए-आय लिहायचा हट्ट धरला, आणि फ्रेंच अकादमीने तो मान्य केला १८३५च्या कोशात. 'फ्राँसे' हा शब्दसुद्धा तेव्हाच सुधारला. 'फ्राँस्वा' हे माणसाचं नाव तेवढं ओ-आय घेऊन मागे राहिलं.

तर कसोटी ही: वाक्य आधी मराठीत म्हणा, मोठ्याने. जिभेवर 'जायचो, जात असे, जाई, जात होतो, होतं' यांपैकी काही आलं तर अँपार्फे. 'गेलो, पडला, म्हणाली, झालं' आलं तर पासे कोंपोझे. शाळेत आपण रीती भूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ असे दोन वेगळे शिकलो. फ्रेंचमध्ये ते एकाच गोठ्यात बांधलेत. अँपार्फेचा शब्दार्थ 'अपूर्ण' असल्यामुळे आपले विद्यार्थी फक्त 'जात होतो'च शोधत बसतात आणि 'जायचो' निसटतो.

काही जोड्यांमध्ये तर मराठी इतकी बरोबर बसते की मला वर्गात दरवेळी गंमत वाटते. 'ज साव्हे' म्हणजे मला माहीत होतं. तेच क्रियापद पासे कोंपोझेमध्ये, 'जे स्यु', म्हणजे मला कळलं. इंग्रजीवाल्याला दोन्हीकडे 'न्यू' दिसतं आणि तो डोकं धरतो. आपल्याला मुळात दोन वेगळे शब्द आहेत. ओळखत होतो आणि ओळख झाली, तसंच. 'कार्यक्रम छान होता' म्हणालात तर 'सेते ब्यँ', 'कार्यक्रम छान झाला' म्हणालात तर 'सा से ब्यँ पासे'. होता आणि झाला. पोस्ट ऑफिसात खिडकीशी जाऊन 'मला जरा विचारायचं होतं' म्हणता ना? आत्ताच विचारायचंय, तरी 'होतं'. फ्रेंच माणूसही तिथे अदबीने अँपार्फेच काढतो, 'ज व्हूले व्हू दमाँदे'. आणि 'सिनेमाला जायचं का?' याला 'सि ओं नाले ओ सिनेमा?', इथेही अँपार्फे. 'जायचो' आणि 'जायचं का' या दोन्हींना तिकडे एकच रूप, हा योगायोग असेल, पण लक्षात ठेवायला फुकटचा आहे.

एवढं मराठीचं कौतुक झाल्यावर आता ती कुठे पाडते ते सांगते, नाहीतर तुम्ही पुन्हा लाल कागद घेऊन याल. तुमचं तिसरं वाक्य इंग्रजीने बिघडवलेलं नाही, ते अस्सल मराठीने बिघडवलंय. 'मों ग्राँ-पेर आव्हे पोर्ते अँ धोती ब्लाँ.' आजोबांनी पांढरं धोतर नेसलं होतं. 'नेसलं होतं' दिसलं, तुम्ही लगेच प्लुस्क-पार्फे, म्हणजे आधीच होऊन गेलेल्या गोष्टीचा काळ, लावलात. फ्रेंच वाचकाला वाटेल, आजोबांनी पूर्वी कधीतरी धोतर नेसलं होतं, आता त्यांच्या अंगावर काय आहे देव जाणे. बरोबर वाक्य 'मों ग्राँ-पेर पोर्ते अँ धोती ब्लाँ'. साधं अँपार्फे. आपण मराठीत कपडे, बसणं, झोपणं हे सगळं 'ला होता'ने सांगतो: तिने साडी नेसली होती, तो खुर्चीत बसला होता, बाळ झोपलं होतं, मला ताप आला होता. फ्रेंचमध्ये हे चारही अँपार्फे: 'एल पोर्ते अँ सारी', 'इल एते तासी', 'ल बेबे दोर्मे', 'जाव्हे द ला फ्येव्र'. मनात फोटो काढून बघा. त्या क्षणी फोटो काढला असता तर त्यात धोतर दिसलं असतं का? बाळ झोपलेलं दिसलं असतं का? दिसत असेल तर अँपार्फे, मराठीत 'ला होता' असो की आणखी काही.

त्याच 'ला होता'चं दुसरं सोंग वेगळं आहे. 'मी गेल्या वर्षी दिल्लीला गेलो होतो' असं आपण सहज म्हणतो, आधी-नंतरचा काही संबंध नसताना. तिथे फ्रेंचला साधा पासे कोंपोझे पुरतो, 'ज स्वि आले आ देली'. खरा प्लुस्क-पार्फे फक्त 'आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा बस सुटली होती' अशा ठिकाणी. 'ल ब्युस एते पार्ती'. त्यातलं 'एते' मात्र पुन्हा अँपार्फेच, म्हणजे हा काळ पक्का असेल तर तो फुकटात येतो.

(जाता जाता: 'आले' म्हणजे गेले. 'इल ए आले' म्हणजे तो गेला. पहिल्या वर्षी प्रत्येक मराठी वर्गात यावर हशा होतो आणि तिसऱ्या वर्षीही कोणीतरी उलटं लिहितंच.)

सातव्या वाक्यात खरी मेख आहे, आणि इथे मराठी आणि इंग्रजी दोघी मिळून फसवतात. 'आम्ही एक तास वाट बघत होतो.' तुम्ही लिहिलंत 'नू झाताँदियों युन अर'. वाट बघत होतो म्हणजे चालू क्रिया, म्हणजे अँपार्फे, असा तुमचा हिशोब. पण 'एक तास' म्हटल्यावर फ्रेंच त्या वेळेच्या दोन्ही टोकांना गाठ मारतो. तास भरला, वाट बघणं संपलं, मोजून झालं. 'नू झाव्हों आताँद्यु युन अर.' मोजलेल्या आणि संपलेल्या काळाला पासे कोंपोझे. मी तीन वर्षं सोलापूरला राहत होतो, दहा वर्षं त्या बँकेत काम करत होते, सगळं तसंच. पण जरा बदलून बघा: 'आम्ही तासाभरापासून वाट बघत होतो, तेवढ्यात मामा आला.' आता एक टोक सुटलंय, मामा आला तेव्हा वाट बघणं चालूच होतं. 'नू झाताँदियों दप्वी युन अर काँ मों नोंक्ल ए तारिव्हे.' लगेच अँपार्फे. 'एक तास' की 'तासाभरापासून', एवढ्या 'पासून'वर काळ फिरतो.

यावरून एक सांगते. क्लासच्या वहीत 'खुणेचे शब्द' अशी चौकट असेल: 'तू ले जूर' म्हणजे रोज, त्यामुळे अँपार्फे, 'ईयेर' म्हणजे काल, त्यामुळे पासे कोंपोझे. ती चौकट खोडून टाका. 'ईयेर, इल प्लव्हे', काल पाऊस होता, अँपार्फे. 'पाँदाँ अँ म्वा, जे कुर्यु तू ले जूर', महिनाभर मी रोज धावलो, पासे कोंपोझे, कारण महिना मोजला. आपणही तिथे 'धावलो' म्हणतो, 'धावायचो' नाही. कान चौकटीपेक्षा हुशार असतो.

आठवं वाक्य, 'जे यु पर', मी घाबरलो. याला तुम्हाला लाल मिळालंय आणि बाजूला 'भावना = अँपार्फे' असं लिहिलंय. हे लाल मी खोडते. भाऊ पडला आणि तुमच्या पोटात धस्स झालं, ती एक घटना आहे, 'जे यु पर' अगदी बरोबर. 'जाव्हे पर' म्हणजे भीती वाटत होती, ती विहिरीच्या काठाशी उभं राहून तासभर वाटत राहिलेली. दोन्ही वाक्यं फ्रेंच आहेत, अर्थ वेगळा. तुम्हाला कुठला हवा ते तुम्हीच ठरवायचं, कारण तिथे तुम्ही होता.

रूपं पाठ आहेत म्हणता, तरी बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. वर्तमानकाळातलं 'नू'चं, म्हणजे 'आम्ही'चं, रूप घ्यायचं, शेवटचं ओ-एन-एस कापायचं, उरलेल्याला प्रत्यय जोडायचे: ज (मी) आणि त्युला (तू) ए-आय-एस, इल-एलला (तो-ती) ए-आय-टी, नूला आय-ओ-एन-एस, व्हूला (तुम्ही) आय-ई-झेड, आणि अनेकवचनी इल-एलला ए-आय-ई-एन-टी. 'नू फिनिसों'वरून 'ज फिनिसे', 'नू ब्युव्हों'वरून 'ज ब्युव्हे', 'नू झाव्हों'वरून 'जाव्हे'. वर्तमानकाळात कितीही वाकडं चालणारं क्रियापद इथे गुणी बाळासारखं वागतं. अपवाद एकच, 'एत्र', कारण 'नू सॉम'मध्ये कापायला ओ-एन-एस नाहीच, त्याचं 'जेते'. पाऊस पडणे आणि 'लागणे, पाहिजे असणे' यांना 'नू' नसतो, तर 'इल प्लव्हे' आणि 'इल फाले' नुसते लक्षात ठेवायचे. या सहा रूपांपैकी चार ऐकायला हुबेहूब सारखी: ज पार्ले, त्यु पार्ले, इल पार्ले, आणि अनेकवचनी इलसुद्धा पार्ले. विलेपार्ल्याच्या माझ्या एका विद्यार्थिनीने हा काळ स्टेशनचं नाव घेत घेत पाठ केला होता.

लिहिताना हात घसरतो तो तीन जागी, आणि 'पाठ आहेत' म्हणणाऱ्यांचाच जास्त. 'माँजे'त (जेवणे) जीनंतर एक ई घालावा लागतो, नाहीतर जी 'ग' होतो. पण 'नू माँजियों'मध्ये पुढे आय आला की ईची गरज संपते, तो काढा. दुसरं, 'नू एत्युदियों', आम्ही शिकायचो. धातूचा एक आय आणि प्रत्ययाचा एक, असे दोन आय शेजारी शेजारी. दिसायला विचित्र दिसतात म्हणून सगळे एक गाळतात. तिसरं बोलण्याचं: 'फेर'चं अँपार्फे लिहिताना एफ-ए-आय, पण बोलताना 'फेझे' नाही, 'फझे'. 'नू फझों'मध्ये असतं तसंच.

आता तुमची दुसरी तक्रार. मला वाटतं तुमचे सर बरोबर आहेत आणि तुम्हीही. तुमच्या डोक्यात पासे कोंपोझे असतो, तोंडातून अँपार्फे बाहेर पडतं. 'मी जेवलो' म्हणजे 'जे माँजे'. 'मी जेवत होतो' म्हणजे 'ज माँजे'. मधला फरक 'ज' आणि 'जे' एवढाच. घाईत 'जे'चा 'ज' झाला की काळ बदलला. 'इला माँजे' म्हणजे तो जेवला, 'इल माँजे' म्हणजे जेवत होता. मधला 'आ' गिळलात की संपलं. आणि मामेभावाचं सहावं वाक्यही मला वाटतं यातूनच आलं. तुम्ही मनात 'कुझँ तोंबे' म्हणालात, 'ए' ऐकू आला नाही, आणि हाताने कानाचं ऐकून ए-आय-टी लिहून टाकलं.

मी विद्यार्थिनी असताना फ्रान्समधल्या तूर शहरात एका कुटुंबाकडे राहिले होते. पहिल्याच आठवड्यात एका रात्री उशिरा परतले. घरच्या बाई ओटा पुसत होत्या. जेवण झालं का म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, 'ज माँजे'. त्यांचा हात थांबला. फडकं ओट्यावर तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. 'वी... ए?' हो... आणि? मी म्हणाले होते 'मी जेवत होते', आणि त्या बिचाऱ्या पुढचं ऐकायला थांबल्या होत्या. जेवत होतीस, आणि? दिवे गेले? कुणी आलं? मला कळेना या मला आणखी काय विचारतायत. मी पुन्हा, जरा मोठ्याने, 'ज माँजे!' त्या दिवसापासून मी सहायक क्रियापद जरा जास्तच ठासून बोलते. तुम्हीही आठवडाभर ठासून बोला, विचित्र वाटलं तरी. रोज दहा जोड्या: जे पार्ले, ज पार्ले, इला दोर्मी, इल दोर्मे, मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका आणि कुठला काळ ते आपणच ओळखा. ओळखता आला नाही तर परीक्षकालाही येणार नाही.

वाचताना कधी वर्तमानपत्रात 'या दिवशी अमुक लेखक मरत होता', 'शेवटच्या मिनिटाला तमुक गोल करत होता' अशा अर्थाची अँपार्फे दिसतील, जिथे घटना सरळ घडून गेलेली आहे. ती बातमीदारांची नक्षी आहे. परीक्षेत करू नका, वाचून पुढे जा. फ्रेंच मुलं भातुकली खेळताना मात्र ऐकण्यासारखी असतात: 'म्वा, जेते ल दोक्तर', मी डॉक्टर होतो हं, तू आजारी होतीस. खेळातलं खोटं जग ती अँपार्फेत मांडतात. आपली पोरं 'मी डॉक्टर, तू पेशंट' एवढ्यावर भागवतात.

तुमचा कागद दुरुस्त केला तो असा. 'शाक एते, जाले शे मों ग्राँ-पेर. ला मेझों एते ग्राँद. मों ग्राँ-पेर पोर्ते अँ धोती ब्लाँ. इल याव्हे अँ प्वी. इल फझे शो. अँ जूर, मों कुझँ ए तोंबे दाँ ल प्वी. नू झाव्हों आताँद्यु युन अर. जे यु पर.' पहिल्या पाच वाक्यांत एकही गोष्ट घडत नाही, आटपाट नगर नुसतं उभं आहे. 'अँ जूर' म्हणजे आपलं 'एके दिवशी', आणि तिथून पुढे तीनही वाक्यांत काहीतरी घडलंय.

फक्त गोष्ट अर्धवट राहिलीय हो. तासभर वाट बघितलीत, मग? पुढच्या पत्रात तेवढं पुरं करून पाठवा. दोर कोणी आणला, कोण खाली उतरलं, मामीने वर आल्यावर त्याला आधी जवळ घेतलं की आधी धपाटा दिला, हे सगळं पासे कोंपोझेत. काठावर कोण कोण उभं होतं, विहिरीत पाणी किती होतं आणि आत बसून तो काय ओरडत होता, ते अँपार्फेत.